राज्यशास्त्रीय संशोधनपद्धती : सोलापुरातील अभ्यासक्षेत्र

राज्यसंस्था, सत्ता आणि नागरिकांचे राजकीय वर्तन यांविषयी पडताळून पाहता येतील अशी विधाने ज्या रीतींनी केली जातात, त्यांस राज्यशास्त्रीय संशोधनपद्धती म्हणतात. भारतीय विद्यापीठांत त्यांचे अध्यापन दीर्घकाळ मुख्यत्वे पदव्युत्तर स्तरावर होत असे. पदवीच्या विद्यार्थ्याने सिद्धान्त व संविधान वाचावे, शोध पुढे घ्यावा, असा प्रघात होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला स्थान दिल्याने तो बदलू लागला आहे. स्वतंत्रपणे शोध घेऊ पाहणाऱ्या अशा विद्यार्थ्याची सोलापूर शहर चांगलीच कसोटी पाहते.

डेव्हिड ईस्टन यांच्या १९५३ मधील ग्रंथानंतर वर्तनवादी अभ्यासाला जोर आला. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचे व. मं. सिरसीकर यांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीचा असा अभ्यास केला. तो १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यासही ग्रंथरूपाने आला. हा दुसरा ग्रंथ राज्यशास्त्राचा नव्हे. तथापि गिरण्या व हातमागांवर जगणाऱ्या शहराची पाहणी कशी करावी, याचा वस्तुपाठ म्हणून तो आजही उपयुक्त आहे.

साधनांच्या चिकित्सेसाठी १९३० चे प्रकरण विशेष उद्बोधक होय. ५ मे रोजी म. गांधींना अटक झाल्यावर शहरात प्रक्षोभ माजला. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. जमावाच्या हातून पोलीस मारले गेले व न्यायालयाची इमारत जळाली. १२ मे रोजी पुकारलेला लष्करी कायदा ३० जूनपर्यंत चालू होता. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना पोलिसांच्या हत्येबद्दल दोषी ठरवून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आले. खटल्याच्या कागदांत ते खुनी ठरतात. शहरात मात्र त्यांचे पुतळे आहेत. केवळ कागद वाचणारा सरकारची भाषा बोलू लागतो, तर केवळ आठवणींवर विसंबणारा खटल्यातील पुराव्याकडे पाहतच नाही.

दरम्यान सोलापूर ‘स्वतंत्र’ होते, असे सांगितले जाते. कोणी तीन दिवस म्हणतो, कोणी चार. येथे आधी संकल्पनेची व्याख्या करावी लागते. पोलीस रस्त्यांवरून हटले, वाहतूक व पहारा स्वयंसेवकांच्या हाती गेला, की कलेक्टरची आज्ञाच चालेनाशी झाली? निकष ठरल्याखेरीज दिवसांची बेरीज निरर्थक होय. त्या दिवसांचे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आता उरलेले नाहीत. मुलानातवंडांच्या मुलाखती घेता येतात, पण त्यांतून १९३० पेक्षा नंतरच्या काळात त्या घटनेला कोणता अर्थ दिला गेला, हे अधिक कळते. दोन्ही विषय अभ्यासण्याजोगे आहेत, मात्र ते एकच नव्हेत. जिल्ह्याची १८८४ व १९७७ ची गॅझेटिअरे जोडीने वाचल्यास शासकीय लेखनाचा दृष्टिकोन कसा पालटला, हेही ध्यानात येते.

वर्तमान राजकारणाच्या पाहणीत भाषेची अडचण मोठी असते. मराठीबरोबरच कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणारी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. केवळ मराठीत छापलेली प्रश्नावली पूर्व भागातील तेलुगूभाषक विणकरांच्या वस्तीत नेल्यास, मराठी सहज बोलणारे तरुण व पुरुष अधिक उत्तरे देतात आणि घरी विड्या वळणाऱ्या स्त्रिया नमुन्यातून गळतात. अशा वेळी मतदारयादीतून नावे कितीही काटेकोरपणे निवडली, तरी निष्कर्ष एकांगी राहतो. म्हणून प्रश्नांचे भाषांतर करून, ते दुसऱ्या व्यक्तीकडून मराठीत परत आणवून मूळ अर्थाशी ताडून पाहणे इष्ट ठरते.