स्वस्त फोनची ट्रायल: सिम्प्युटरपासून आपल्या खिशापर्यंत

यशवंतपूरहून तुमचा हा निवृत्त फौजी पुन्हा हजर आहे. आपल्या मालिकेत आपण किल्ले बघतो, लढाया बघतो, कधी जुन्या पलटणींचा इतिहास बघतो. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. आजचा विषय आहे स्वस्त मोबाईल फोन. पण शेवटपर्यंत थांबा. यातही इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा माझ्या घरापासून काही किलोमीटरच्या आत घडलेला आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. मी सिग्नल्समध्ये होतो. माझ्या हाताखाली खानापूर तालुक्यातले एक हवालदार होते, लाइनमन. बर्फात तार तुटली की रात्री दोन वाजता जोडायला निघणारा माणूस. ते आता नाहीत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, मुलाकडे इथेच राहतात. मुलगा पीन्याला कारखान्यात कामाला आहे. दोन वर्षांपूर्वी वहिनींनी विचारलं, "साहेब, मला एक फोन सांगा. महाग नको." मी दुकानात गेलो, सगळ्यात कमी किमतीचा स्मार्टफोन उचलला आणि त्यांच्या हातात दिला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती.

पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी थोडं मागे जाऊ.

सैन्यात एखादी वस्तू घ्यायची तर पहिला कागद बनतो जीएसक्यूआर, म्हणजे जनरल स्टाफ क्वालिटेटिव्ह रिक्वायरमेंट. साध्या मराठीत, जवानाला नेमकं काय हवं याची यादी. मग ट्रायल. वस्तू वाळवंटात नेतात, बर्फात नेतात, ज्याला ती वापरायची आहे त्याच्याच हातात देतात. किमतीचं पाकीट तेव्हा बंद असतं. ट्रायलमध्ये जे पास होतात त्यांचीच पाकिटं उघडतात, आणि मग त्यातला सगळ्यात स्वस्त, ज्याला आम्ही एल-वन म्हणतो, तो निवडतात. हा क्रम लक्षात ठेवा. आधी गरज, मग परीक्षा, शेवटी किंमत.

आता इतिहास. यशवंतपूर स्टेशनपासून जवळच टाटांच्या प्रेरणेने १९०९ साली उभी राहिलेली भारतीय विज्ञान संस्था आहे. इथले जुने लोक तिला अजून 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात. दुसऱ्या बाजूला जालहळ्ळी. तिथे १९५४ साली स्थापन झालेली भारत इलेक्ट्रॉनिक्स, आमची बीईएल. आम्ही ज्या रेडिओंवर आयुष्य काढलं त्यातले बरेचसे याच कंपनीचे. या दोन संस्थांच्या मध्ये, एकविसाव्या शतकाच्या तोंडावर, भारतातला पहिला 'गरिबाचा हातातला संगणक' जन्माला आला. त्याचं नाव सिम्प्युटर.

१९९८ मध्ये बंगळूरला एक परिषद भरली होती. संगणक खेड्यापर्यंत कसा पोचेल, हा तिथला प्रश्न. त्यातून १९९९ साली सिम्प्युटर ट्रस्ट उभा राहिला. विज्ञान संस्थेतले चार प्राध्यापक, विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय, आणि त्यांच्या जोडीला एनकोअर सॉफ्टवेअर या बंगळूरच्या कंपनीतली मंडळी, ज्यात विनय देशपांडे होते. एप्रिल २००१ मध्ये त्यांनी नमुना लोकांसमोर ठेवला. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास ठेवायची, असा संकल्प होता.

ही यादी बघा, मंडळी. हातात मावणारा. बोटाने किंवा काडीने चालणारा पडदा. लिनक्सवर चालणारा. वाचता न येणाऱ्यासाठी मजकूर बोलून दाखवणारा, तोही हिंदी, कन्नडसारख्या भाषांत. आणि एक फार हुशारीची गोष्ट, स्मार्ट कार्ड. गावात सिम्प्युटर एकच असेल, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं. कार्ड घातलं की यंत्र तुमचं. २००१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात ब्रूस स्टर्लिंग या लेखकाने त्या वर्षाच्या महत्त्वाच्या कल्पनांत सिम्प्युटरची गणना केली.

२००४ मध्ये बीईएलने बनवलेला 'अमिडा' सिम्प्युटर बाजारात आला. तो हलवला की पान उलटायचं. आयफोन यायला अजून तीन वर्षं होती! कर्नाटक सरकारने जमिनीच्या नोंदींच्या कामात सिम्प्युटर वापरून पाहिला. एनकोअरने सैन्यासाठी त्यातूनच 'साथी' नावाचं उपकरण तयार केलं, नकाशावर आपली माणसं कुठे आहेत ते दाखवणारं.

आणि तरीही सिम्प्युटर चालला नाही. विक्री काही हजारांच्या घरातच अडकली. का? एक तर किंमत. नऊ हजारांचा संकल्प होता, प्रत्यक्षात मॉडेलप्रमाणे साधारण दहा ते वीस हजार पडले. पण माझ्या मते खरं कारण दुसरं होतं. त्यात फोनच नव्हता. नेट हवं असेल तर टेलिफोनच्या तारेला किंवा दुसऱ्या फोनला जोडावं लागायचं.

त्याच काळात बाहेर काय चाललं होतं बघा. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला, कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना केला. तेव्हा आलेला कॉल घ्यायलाही पैसे पडायचे. मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन हातात देण्याची योजना आणली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आला नोकिया ११००. आत धूळ न जाणारा कीपॅड, हातातून न सटकणाऱ्या कडा, आणि टॉर्च. जगभरात हा फोन पंचवीस कोटींहून जास्त विकला गेला. मी सुट्टीवर येताना गाडीच्या डब्यात बघायचो, लाइट गेली की दहा टॉर्च एकदम पेटायच्या.

सिम्प्युटरवाल्यांनी गरज चुकीची ओळखली, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आपली भाषा, बोलून दाखवणारं यंत्र, न शिकलेल्या माणसाचा मान, हे त्यांनी वीस वर्षं आधी ओळखलं होतं. पण यादीतली पहिली ओळ राहिली. माणसाला आधी आपल्या माणसाशी बोलायचं होतं. नोकियाने ती एकच ओळ घेतली आणि ती धुळीत, पावसात, अंधारात पास करून दाखवली.

पुढचा इतिहास तुम्ही स्वतः जगला आहात. २००८ मध्ये मायक्रोमॅक्सने महिनाभर टिकणाऱ्या बॅटरीचा फोन आणला, कारण वीज नसलेली गावं होती. २०१४ मध्ये मोटो ई ६,९९९ ला आणि रेडमी १एस ५,९९९ ला आला, तोही बंगळूरच्याच एका ऑनलाइन दुकानातून. २०१६ च्या फेब्रुवारीत तर २५१ रुपयांत स्मार्टफोनची जाहिरात झाली आणि लाखो लोक नोंदणीला तुटून पडले. त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे लोकांनी फक्त किमतीचं पाकीट उघडलं होतं.

आणि मी? मीही तेच केलं होतं.

वहिनींची फॅमिली पेन्शन आहे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये 'जीवन प्रमाण' सुरू झालं, म्हणजे दाखला डिजिटल झाला. अंगठा लावा, झालं. पण वहिनींचं आयुष्य शेतात आणि चुलीपुढे गेलं. बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. यंत्र अंगठा ओळखेना. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली. त्याला बऱ्यापैकी कॅमेरा लागतो आणि फार जुनी नसलेली अँड्रॉईड प्रणाली लागते. मी दिलेल्या फोनची मेमरी सहा महिन्यांत भरली होती, नवं अ‍ॅप बसेना. बसवलं तर समोरचा कॅमेरा चेहरा पकडेना. त्यांनी मला सांगितलं नाही. "साहेबांनी दिलेला फोन, कसं म्हणायचं वाईट?" पेन्शन थांबली. तीन महिने. मला कळलं ते त्यांच्या मुलाकडून, तेही त्याने औषधांसाठी उसने पैसे मागितले तेव्हा.

या वेळी मी कागद घेऊन बसलो, जीएसक्यूआर लिहिला. दाखला घरबसल्या निघाला पाहिजे. मेमरीत निम्मी जागा मोकळी राहिली पाहिजे. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार ते कंपनीने लिहून दिलेलं असावं. सर्व्हिस सेंटर बसने जाता येईल इतकं जवळ. दुपारच्या उन्हात पडदा दिसावा. मराठीत बोललेलं फोनला लिहिता यावं. बॅटरी सकाळपासून रात्रीपर्यंत. आणि घरात, जिथे सिग्नल कमी येतो तिथे, कॉल तुटू नये. सिम्प्युटरच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी या कागदावर पुन्हा आल्या, हे लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

मग ट्रायल. ओळखीच्यांचे, नातेवाइकांचे चार फोन गोळा केले, सगळे बारा हजारांच्या आतले. वहिनींच्याच घरी, वहिनींच्याच हातात. दोन उन्हात नापास झाले. एकाचा आवाज कानाला लावल्यावर बारीक यायचा. उरला एक. तो सगळ्यात स्वस्त नव्हता, सगळ्यात महागही नव्हता. पैसे वहिनींनी स्वतः दिले, माझे घेतले नाहीत. थांबलेली पेन्शन एव्हाना मागच्या बाकीसकट जमा झाली होती.

नव्या फोनवर दाखला काढायला मी समोर बसलो होतो. फोन म्हणाला, डोळे मिटा-उघडा. वहिनींनी पदर सावरला, डोळे मिचकावले, दाखला निघाला. मला म्हणाल्या, "साहेब, म्हणजे मी आहे असं सरकारला कळलं ना?"

मंडळी, स्वस्त फोन घेताना मला मॉडेल विचारू नका. मॉडेल सहा महिन्यांत बदलतं. घरातल्या ज्या माणसासाठी घेताय, त्याचं कुठलं काम अडलं तर घर अडेल ते आधी लिहा. त्याच्याच हातात फोन देऊन बघा. किमतीचं पाकीट शेवटी उघडा. आणि घेऊन दिल्यावर महिन्याने एकदा स्वतःहून विचारा, चालतोय ना? तेवढं मी विचारलं नव्हतं.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद, जय महाराष्ट्र.