एका चेरोकी मांत्रिकाची वही

कार्तिकांतील रात्रीं कृत्तिकांचा पुंजका आपण न्याहाळला असेलच. अमेरिकेच्या आग्नेयेकडील डोंगरांत राहणारे चेरोकी लोक त्याची एक कथा सांगतात. सात मुलगे काम सोडून दगडी चकत्या घरंगळविण्याच्या खेळांत रमत. त्रासलेल्या आयांनीं एके दिवशीं मक्याबरोबर त्या चकत्याच शिजवून त्यांना वाढल्या. मुलें रुसलीं आणि नाचतां नाचतां आकाशांत चढूं लागलीं. एका आईनें आपल्या मुलाला खालीं ओढलें; पण तो धरणींत गडप झाला. उरलेले सहा म्हणजेच या कृत्तिका! त्या आईच्या आसवांनीं तेथें अंकुर फुटला, त्याचा चीडवृक्ष झाला.

ही कथा जगाला कळली ती मुख्यतः आयुनिनी या मांत्रिकामुळें. 1838-39 सालीं चेरोकींना मायभूमींतून पश्चिमेकडे हांकलण्यांत आलें. त्यांत सुमारें 4000 माणसें दगावलीं असें मानतात. जे थोडे उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरांत राहिले, त्यांच्यांत तो वाढला. इंग्रजी त्याला येत नव्हतें. पण सिक्वोया या चेरोकी पुरुषानें 1821 च्या सुमारास सिद्ध केलेली स्वभाषेची लिपि येत होती. त्या लिपींत त्यानें मंत्र, औषधें व गीतें एका वहींत टिपून ठेविलीं होतीं.

1887 सालीं जेम्स मूनी हा संशोधक त्याच्याकडे आला. आयुनिनीनें कथा मोकळेपणें सांगितल्या. शिकारीचीं गीतें विचारतांच मात्र तो थांबला. एकेका गीतासाठीं पारधी 5 डॉलरपर्यंत मोजीत. तें गुपित हीच त्याची विद्या व उपजीविका होती. मूनी म्हणाला कीं, तुम्ही चार वृद्ध गेल्यावर चेरोकींना किती ज्ञान होतें हें जगाला कसें कळणार? हा प्रश्न त्याच्या अभिमानाला भिडला. गीतें मिळालीं, पुढें ती वहीही मूनीच्या हातीं आली.

गुपित राखावें तर विद्या आपल्याबरोबर जाणार, द्यावें तर तें परक्याच्या दप्तरीं जाणार! आयुनिनीनें दुसरा मार्ग पत्करला. 1899 सालीं तो वारला. पुढच्याच वर्षीं मूनीचा कथासंग्रह निघाला. त्यांतील जवळजवळ तीन-चतुर्थांश कथा मूळच्या त्याच्या. ती वही 1932 सालीं छापली गेली.

मुखपृष्ठावर संग्राहकाचें नांव येतें, हें रीतीला धरूनच आहे. पण कृत्तिका पाहतांना वही लिहिणाऱ्या त्या हाताचेंही आपण स्मरण करावें.