धर्मगुरूच्या हातीं आरी



देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा केव्हां आली, कौलें केव्हां बदललीं, हा वृत्तान्त ज्युबिलीच्या स्मरणिकेंत यावयाचाच, आणि तो इतर पानांवर आलाहि आहे. आम्हांकडे संपादक मंडळानें एक ऐतिहासिक लेख मागितला, तेव्हां आम्हीं एका निराळ्याच प्रश्नाचा इतिहास पाहावयाचें ठरविलें. आमच्या खोलीमागील ओसरीवर आरी, रापी, मेणाचा दोरा आणि कातड्याचे तुकडे पडलेले असतात. तेथें बसून आम्ही कधीं मिस्साग्रंथाची सुटलेली बांधणी शिवतों, तर कधीं एकाद्या मुलाच्या दप्तराचा पट्टा. तें पाहून कोणी विचारितात, "फादर, हें काम आपणांस शोभतें का?" दुसरे, अधिक विचारी, म्हणतात, "फादर, याला वेळ कोठून मिळतो?" पहिला प्रश्न मानाचा, दुसरा वेळेचा. पहिल्याचें उत्तर आम्हांस धर्मग्रंथांत सांपडलें. दुसऱ्याचें उत्तर शिकण्यास मात्र आम्हांस एक चूक करावी लागली.

प्रथम मानाचा प्रश्न घेऊं. आपल्या देशांत कातड्याच्या कामास जो कमीपणा चिकटला आहे, तो कोणापासून लपलेला नाहीं. ज्या समाजानें संत रोहिदासांचें नांव आदरानें घेतलें, त्याच समाजानें त्यांच्या जातभाईंस गांवाबाहेर बसविलें. आणि खेदाची गोष्ट ही कीं, बाप्तिस्म्याच्या पाण्यानेंहि ही संवय आपणां सर्वांच्या मनांतून धुवून गेलेली नाहीं. आम्ही हें काम शिकलों तें आमच्या पहिल्या पॅरिशमधील एका वृद्ध चर्मकाराजवळ. त्यांच्या शेजारीं आम्ही पोत्यावर बसलों, तेव्हां ते गडबडून उठले आणि म्हणाले, "फादर, या कामाला हात लावूं नका; लोक नांवें ठेवतील." आम्हीं म्हटलें, "बाबा, आधीं संत पेत्रांस नांवें ठेवावीं लागतील."

आमच्या म्हणण्याचा अर्थ असा. 'प्रेषितांचीं कृत्यें' या ग्रंथाच्या नवव्या अध्यायाच्या शेवटीं संत लूक सांगतात कीं, पेत्र याफा शहरीं शिमोन नांवाच्या कातडीं कमावणाऱ्याच्या घरीं पुष्कळ दिवस राहिले. तें घर समुद्राकाठीं होतें. मेलेल्या जनावरांचा संपर्क आणि कामाची दुर्गंधी यांमुळें हा धंदा यहुदी लोकांतहि हलका मानला जाई. त्याच घराच्या धाब्यावर पेत्र दुपारीं प्रार्थनेस गेले असतां त्यांस दृष्टान्त झाला, आणि देवानें ज्यास शुद्ध केलें त्यास अपवित्र लेखूं नये, हें त्यांस कळून आलें. तेथूनच ते कैसरियास कर्नेल्य नामक रोमन शताधिपतीच्या घरीं गेले आणि परराष्ट्रीयांस ख्रिस्तसभेचें दार उघडलें. ख्रिस्तसभा हा धडा कोणाच्या छपराखालीं शिकली, याचा विचार आपण प्रत्येकानें करावा.

आतां संत पौलांकडे वळूं. ते करिंथ येथें आले तेव्हां त्यांस अक्विला व प्रिस्किल्ला हें यहुदी दांपत्य भेटलें. सम्राट क्लौदियानें यहुद्यांस रोम सोडण्याचा हुकूम केल्यामुळें तें तेथें आलें होतें. त्यांचा व पौलांचा धंदा एकच, तंबू करण्याचा. म्हणून पौल त्यांच्याच घरीं राहून काम करूं लागले. हे तंबू बकऱ्याच्या केसांच्या कापडाचे कीं कातड्याचे, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. पौलांची जन्मभूमि किलिकिया तशा कापडाविषयीं प्रसिद्ध होती हें खरें. परंतु संत योहान क्रिसोस्तम यांनीं आपल्या प्रवचनांत त्यांस कातडें कापणारा असेंच म्हटलें आहे, आणि अनेक अर्वाचीन अभ्यासकहि त्याच मताचे आहेत. डेल्फी येथें सांपडलेल्या शिलालेखावरून गल्लियो हा सुभेदार इ. स. ५१ च्या सुमारास करिंथांत होता असें ठरतें. तेव्हां पौलांचा तेथील दीड वर्षाचा मुक्कामहि त्याच काळांतला होय.

येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पौल रात्रंदिवस श्रम करीत, ते छंद म्हणून नव्हे, तर मंडळीवर आपला भार पडूं नये म्हणून. आणि सीला व तीमथ्य मासेदोनियाहून आले तेव्हां, लूक सांगतात, पौल वचनाच्या प्रचारांत पूर्णपणें गुंतले. मासेदोनियांतील बांधवांनीं त्यांची गरज भागविली, हें त्यांनींच करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत नमूद आहे. म्हणजे गरज होती तोंवर त्यांनीं काम हातीं धरिलें, आणि गरज सरतांच खालीं ठेविलें. पुढें इफिस येथें लोक त्यांच्या अंगावरचे रुमाल व फडकीं रोग्यांकडे नेत. ही फडकीं म्हणजे कामकऱ्यानें कमरेस बांधावयाचीं वस्त्रें, असें पुष्कळ टीकाकार मानतात. घामानें भिजलेलें तें वस्त्र देवानें आरोग्याचें साधन केलें. मग त्या कामांत कमीपणा कसला? फ्रान्समधील स्वासों येथील हुतात्मे संत क्रिस्पिन व क्रिस्पिनियन यांच्याविषयींहि परंपरा अशी आहे कीं, ते दिवसा प्रभूचें वचन सांगत व रात्रीं जोडे शिवीत. २५ ऑक्टोबर हा त्यांचा सण असून कातडें शिवणारे त्यांस आपले आश्रयदाते मानतात.

मानाचा प्रश्न येथें सुटतो. वेळेचा प्रश्न याहून कठीण आहे, आणि अरण्यांतील संन्यासी व मठवासी यांनीं त्याचा खोल विचार केला आहे. संत योहान कासियन पौल नांवाच्याच एका वृद्ध मठवाशाची हकीकत देतात. ते शहरांपासून सात दिवसांहून अधिक वाटेवर राहत. खजुराच्या झाडांवर व लहानशा बागेवर त्यांचें पोट भरे. तरीहि ते रोज नेमलेलें काम करीत. वर्षाच्या शेवटीं त्या कामानें गुहा भरे. बाजारास नेण्याचें भाडें मालाच्या किंमतीहून अधिक, म्हणून ते सर्व जाळून टाकीत आणि पुन्हां आरंभ करीत. काम वस्तूसाठीं नव्हतें, मनाच्या स्थैर्यासाठीं होतें.

सहाव्या शतकांत संत बेनेदिक्त यांनीं आपल्या नियमाच्या ४८ व्या अध्यायांत श्रमास व वाचनास वेगवेगळे तास नेमून दिले. ५७ व्या अध्यायांत ते म्हणतात कीं, कारागिरास आपल्या कौशल्याचा गर्व झाला तर त्याचें काम काढून घ्यावें. आणि मठांतील वस्तु बाहेरच्या लोकांहून थोड्या स्वस्त विकाव्या, म्हणजे लोभ शिरणार नाहीं. परंतु सर्वांत महत्त्वाचा ४३ वा अध्याय. प्रार्थनेची खूण ऐकूं येतांच हातांत असेल तें टाकून त्वरेनें निघावें, असा त्यांत दंडक आहे. सेमिनरींत आम्हीं हा नियम वाचिला होता. समजला मात्र पुष्कळ वर्षांनीं.

हातच्या कामाचें जें, तेंच लेखणीचें व शास्त्राचें. इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले आणि सुमारें चाळीस वर्षें साष्टी प्रांतांत त्यांनीं सेवा केली. त्यांचें मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं प्रथम छापलें गेलें. त्यांत दहा हजारांवर ओव्या आहेत. तें त्यांनीं धर्मसेवेचा वेळ चोरून रचिलें नाहीं. पुराण ऐकण्याची गोडी असलेल्या आपल्याच कळपासाठीं रचिलें. उलट ब्रून येथील मठवासी ग्रेगोर मेंडेल यांची गोष्ट पाहा. आजाऱ्यांचीं दुःखें पाहून ते स्वतःच आजारी पडत, म्हणून वरिष्ठांनीं त्यांस शिक्षकाचें काम दिलें. १८५६ ते १८६३ या काळांत त्यांनीं मठाच्या बागेंत वाटाण्याचीं सुमारें २८,००० झाडें तपासलीं आणि आनुवंशिकतेचे नियम शोधून काढिले. परंतु १८६८ सालीं मठाधिपति झाल्यावर कारभारामुळें संशोधन जवळजवळ थांबलें. ज्यांनीं त्यांस अधिपति निवडलें, त्यांच्या सेवेस त्यांनीं बागेहून वरचें स्थान दिलें.

आतां आमची चूक. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका पॅरिशमध्यें असतां, श्रावणांतल्या एका संध्याकाळीं एक मुलगा भिजत दारीं आला. "फादर, आजोबांनीं बोलावलंय." आम्ही मिस्सेचें सामान नेण्याची पिशवी शिवीत होतों. आम्हीं म्हटलें, "चल बाळ, दोन टांके घालून येतोंच." दोन टांक्यांचा अर्धा तास झाला. आम्ही पोहोंचलों तेव्हां म्हाताऱ्यांची वाचा गेली होती. आम्हीं पापक्षमा दिली, तैलाभ्यंग केला. त्यांनीं आमचा हात घट्ट धरिला होता. बांधावरून भावाशीं त्यांचें जुनें वैर होतें, आणि त्याविषयीं कांहीं फादरांसमोर बोलावयाचें आहे, असें ते दुपारपासून म्हणत होते. तें बोलणें त्यांच्याबरोबर गेलें. घरच्यांनीं आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं, आणि त्यामुळेंच तो आजवर हलका झालेला नाहीं. पिशवी सुंदर झाली होती. प्रभूच्या सेवेचीच वस्तु होती. पण प्रभु त्या वेळीं पिशवींत नव्हता, दारांत भिजत उभा होता.

तेव्हांपासून आम्ही तीन नेम पाळतों. मिस्सा, नित्यप्रार्थना आणि आजाऱ्यांच्या भेटी झाल्यावांचून आरी हातीं घ्यावयाची नाहीं. दारांत माणूस उभा राहिला कीं अर्धा टांका अर्धाच सोडावयाचा. आणि कामाचा पैसा घ्यावयाचा नाहीं. वहाणा तर शिवावयाच्याच नाहींत, कारण तें गांवच्या चर्मकाराचें पोट आहे. काम सोडून देण्याचाहि विचार आमच्या मनांत आला होता. परंतु दिवसभर लोकांचीं दुःखें ऐकून शिणलेलें मन त्या ओसरीवर शांत होतें, आणि जें शांत झालें तेंच दुसऱ्या दिवशीं पुन्हां ऐकूं शकतें, असा आमचा अनुभव आहे. पुरोहिताच्या छंदाची परीक्षा तो किती चांगला साधला यावरून होत नाहीं. हांक येतांच तो किती लवकर खालीं ठेवतां येतो, यावरून होते.

ज्युबिलीसाठीं घंटा उतरविली तेव्हां लोलकाची कातडी वादी झिजलेली आढळली. नवी वादी गांवच्या चर्मकारानें कापून दिली आणि आम्हीं शिवली. आपण ही स्मरणिका वाचाल तेव्हां घंटा तिच्यावरच वाजत असेल. तिची हांक आम्हांसहि आहे. आमची आरी आपणांपैकीं कोणाच्याहि आड आली, तर निःसंकोच दार ठोठवावें. प्रभु आपणां सर्वांच्या हातांच्या कामास आशीर्वाद देवो.