जर्मन लष्करी पदकांच्या मूळ पेट्या : संग्रहण

लष्करी पदक ज्या डबीत ठेवून प्रदान केले जाई किंवा विकले जाई, त्या डबीला पदकशास्त्रात मूळ पेटी म्हणतात. जर्मनीत तिला ‘एत्वी’ असे नाव आहे. पूर्वी संग्राहक पदक जपत आणि पेटी टाकून देत. पुढे बनावट पदकांचा सुळसुळाट झाल्यावर पेटीकडे पुरावा म्हणून पाहिले जाऊ लागले आणि तिचे स्वतंत्र संग्रहण सुरू झाले.

या क्षेत्रातील बहुतेक माहिती आयर्न क्रॉस या पदकाभोवती गोळा झालेली आहे. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याने ते १० मार्च १८१३ रोजी स्थापन केले आणि १८७०, १९१४ व १९३९ या वर्षी त्याचे नूतनीकरण झाले. १८१३ व १८७० च्या पेट्या दुर्मिळ आहेत. दुसऱ्या वर्गाचे पदक एरवी पेटीतून दिले जात नसे. १९३९ नंतर तर ते निळ्या किंवा तपकिरी कागदी पाकिटातून मिळे, त्यामुळे या वर्गाच्या पदकासोबत पेटी आढळली तर ती खासगी खरेदीची असण्याचा संभव अधिक. पहिल्या वर्गाच्या १९३९ च्या पेटीवर काळे कृत्रिम चामडे मढवलेले असून झाकणावर क्रॉसची रुपेरी बाह्यरेषा असते, आत वरच्या बाजूस पांढरे साटीन आणि खाली पदकाची पिन बसेल अशी खाच ठेवलेले पांढरे मखमली अस्तर असते.

अधिकृत प्रदानाची पेटी आणि दुकानी पेटी यांतील भेद हा या संग्रहणाचा गाभा मानावा लागतो. पदकप्राप्त सैनिक गणवेशावर वापरण्यासाठी अनेकदा दुसरी प्रत विकत घेत. ही किरकोळ विक्री १९४१ पासून जर्मन पदक-उत्पादकांच्या ‘एलडीओ’ या संघटनेच्या नियंत्रणाखाली आली. तिच्या उत्पादकांना ‘एल’ अक्षरापुढे अंक असलेली खूण मिळाली आणि पेटीच्या झाकणाच्या आत संघटनेचे बोधचिन्ह छापले जाऊ लागले. राज्याला पदके पुरवताना मात्र हेच कारखाने वेगळा क्रमांक वापरत : फोर्झहाइमच्या त्सिमरमान कारखान्याचा राज्यपुरवठ्याचा क्रमांक २० आणि दुकानी क्रमांक एल/५२, तर ल्यूडेनशाइडच्या श्टाइनहाउअर उंट ल्यूकचे अनुक्रमे ४ आणि एल/१६. म्हणून २० क्रमांकाचे पदक एलडीओच्या पेटीत दिसल्यास ही जोडी मागाहून जुळवलेली असावी, अशी शंका घेतली जाते. मात्र युद्धकाळातील घाईगर्दीत अशी सरमिसळ कारखान्यातच झाली असणेही अशक्य नाही, आणि विक्रेते या शक्यतेचा सोयीस्कर आधार घेतात.

अस्सलपणा पारखताना बिजागरी, खटक्याची कळ, कडांवरील झीज आणि दीर्घकाळ आत राहिलेल्या पदकाचा अस्तरावर उमटलेला ठसा पाहतात. स्क्रूने बसवायच्या पदकाला पिनेची खाच असलेली पेटी शोभत नाही. अतिनील प्रकाशात निळसर चमकणारा धागा किंवा कापड बहुधा युद्धोत्तर काळातील असते, कारण त्यांतील प्रकाशवर्धक रसायनांचा सर्रास वापर तेव्हा सुरू झाला. यांपैकी कोणतीही एक खूण निर्णायक मानली जात नाही, कारण रिकामी अस्सल पेटी विकत घेऊन तीत बनावट पदक ठेवणे ही सर्वांत सोपी फसवणूक आहे.

भारताशी थेट संबंध असलेली या गटातील पदके म्हणजे सुभाषचंद्र बोस यांनी १९४२ मध्ये जर्मनीत स्थापन केलेली ‘आझाद हिंद’ पदके होत. ती व्हिएन्नाच्या रूडॉल्फ सूवाल कारखान्यात घडवली गेली. युद्धानंतरही त्याच कारखान्यातून या पदकांच्या प्रती निघाल्याचे मानले जाते, त्यामुळे त्यांच्या पेट्यांचा काळ ठरवताना विशेष सावधगिरी बाळगतात.

जर्मनीत २६ जुलै १९५७ च्या कायद्यानुसार नाझीकालीन युद्धपदके स्वस्तिकविरहित रूपातच वापरता येतात. भारतात, शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदा अधिनियमाच्या व्याख्येत येऊ शकते आणि अशा वस्तूंच्या निर्यातीवर बंधने आहेत.

जतन : मुंबई-कोकणच्या किनारपट्टीवर किंवा दुबईच्या अल मनखूलसारख्या वस्तीत, जिथे बाहेर दमट उष्मा आणि आत वातानुकूलनाची कोरडी हवा असते, तिथे आर्द्रतेच्या चढउताराने सरस सुटतो, पुठ्ठा वाकतो आणि साटिनावर तपकिरी डाग पडतात.