मफलरची सुरळी

परवा नातीनं मोबाईलवर फोटो पाठवला. तिनं विणलेला पहिलावहिला मफलर! पण दोन्ही कडा मागे वळून त्याची पार सुरळी झालेली. खाली प्रश्न, "आजी, माझं काय चुकलं गं?"

फोटो बघून मी थेट 1962 सालात गेले. चीनशी युद्ध पेटलं होतं आणि जवानांसाठी ठिकठिकाणी बायका स्वेटर, मोजे विणत होत्या. आमच्या सातवीच्या वर्गातही लोकरीचे गुंडे आले. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा मी मफलर विणला, तर त्याची अशीच नळी! "हात घट्ट आहे तुझा," बाई म्हणाल्या. मी ते खरं मानलं. पुढे शिक्षिका झाल्यावर तेच वाक्य मुलींना ऐकवलं, आणि एकीचे तर त्यापायी मार्कही कापले.

निवृत्तीनंतर विणकामाचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा कळलं, की दोष हाताचा नव्हताच. टाक्यात वाकवलेला धागा सरळ व्हायला बघतो. सगळे सुलट टाके एका अंगाला आले, की ताण एकतर्फी होतो. मग बाजूच्या कडा मागे वळतात आणि वरखालच्या पुढे.

युरोपातले जुने विणकर मोजे विणायचे ते चार-पाच सुयांवर, गोल. सुलट बाजू कायम समोर, त्यामुळे उलट टाक्याची गरजच नाही. आणि नळीला बाजूची कड कुठली? वळणार काय, कपाळ! फ्लॉरेन्सची डचेस एलेओनोरा 1562 मध्ये वारली. तिच्या थडग्यातल्या रेशमी मोज्यांवर मात्र सुलट-उलट टाक्यांची सुरेख नक्षी आहे. उलट टाक्याचा हा जुना, ठळक पुरावा.

1589 मध्ये इंग्लंडच्या विल्यम ली यांनी मोजे विणायचं यंत्र काढलं. ते सपाट कापड विणायचं, म्हणजे कडा आल्याच! पण त्या शिवणीत जायच्या. सुलट-उलट उभ्या रेघांची वीण यंत्रावर नीट जमायला पुढे जवळजवळ 170 वर्षं गेली. 1758-59 च्या सुमारास जेडेडाया स्ट्रट यांनी त्यासाठी जोडयंत्र बनवलं. अशा विणीत दोन्ही बाजूंचे ताण एकमेकांना तोलतात, म्हणून ती वळत नाही. आपल्या स्वेटरची खालची पट्टी आठवा. मी ती आयुष्यभर विणली, पण ती तिथं का असते हे कधी विचारलं नाही! मास्तरीण कसली मी?

नातीला लिहिलं, "उसवू नकोस. दोन्ही कडांचे टाके सुईवर उचल आणि प्रत्येक ओळ सुलटच विणत चार-पाच ओळींची पट्टी घाल. लोकर खरी असेल तर ओली करून, टाचण्यांनी ताणून वाळव. अ‍ॅक्रिलिक मात्र तेवढ्यानं ऐकत नाही, पुन्हा वळतं. पुढच्या वेळी पहिल्या चार ओळी आणि दोन्हीकडचे चार-चार टाके सुरुवातीपासूनच सुलट ठेव."

तिचं लगेच उत्तर आलं, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं ना?"

नाही गं बाई. जिचे मार्क कापले ती मुलगीही आता साठीकडे झुकली असेल. कुठे असते, कोण जाणे. तिलाही हे सांगायचं राहिलंय.