पायाखालचे थर

गेल्या मे महिन्यात दादाचा फोन आला. म्हणाला, "आईच्या खोलीत लाकडी लॅमिनेट घालू या. पावसाळ्यात लाद्या गार पडतात, तिचे गुडघे धरतात." मी ताडकन म्हणालो, "आजोबांच्या लाद्या झाकायच्या?" दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

मग शांतपणे विचार केला. आजोबांच्या लाद्यांनी तरी काय झाकलं होतं?

आमच्या गावच्या घरात पूर्वी सारवणाची जमीन होती. माती घालून चोपायची, वर शेणाचा हात फिरवायचा. दर चार-आठ दिवसांनी पुन्हा तेच, आणि सणावारी तर हटकून. हे सगळं बायकांच्या कमरेवर. मुक्तीपूर्वी, म्हणजे 1961च्या आधी, आजोबांनी नक्षीच्या सिमेंटी लाद्या बसवल्या. पणजीला म्हणे त्या मुळीच आवडल्या नाहीत. दगडावर बसल्यासारखं वाटतं, म्हणायची. जेवणं झाली की लादीवरसुद्धा शेणगोळा फिरवल्याशिवाय तिला शुद्ध वाटत नसे. आजी मात्र खूश होती. तिचे हात सुटले होते!

या लाद्या भाजलेल्या नसतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. धातूच्या साच्याच्या कप्प्यांत रंगीत सिमेंट ओततात, मागून सिमेंट-वाळूचा थर देऊन दाबयंत्राखाली दाबतात आणि पाण्यात मुरवतात. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर निघालेली ही कला. आपल्याकडे 1922 साली फेरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम यांनी स्वदेशीच्या भावनेने भारत टाइल्स सुरू केली. कारखाना उरणला होता. म्हणजे आज आपण ज्याला 'वारसा' म्हणतो, तो एके काळी नवा माल होता.

लॅमिनेटही आता तसं कोवळं राहिलेलं नाही. स्वीडनमध्ये 1977 साली त्याचा शोध लागला. दाबलेल्या लाकडी भुशाचा गाभा, वर लाकडाच्या चित्राचा कागद आणि त्यावर टणक थर. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात गोंदाशिवाय एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्या आल्या आणि खरा फरक पडला. ही जमीन खिळत नाहीत, चिकटवत नाहीत. फोमच्या पातळ थरावर ती नुसती पसरलेली असते. उद्या उचलली तर खालची लादी जशीच्या तशी! हे कळल्यावर माझा राग निम्मा उतरला.

उरलेली भीती ओलीची होती. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी लादीतून वर येतं आणि वाळून जातं. वर झाकण घातलं की ते कोंडतं, आणि भुशाचा गाभा फुगतो. म्हणून आषाढात आम्ही लाद्यांवर प्लास्टिकचे तुकडे चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवले. आईच्या खोलीतल्या तुकड्याखाली दव साचलं. माजघरातला कोरडा निघाला. तिथलं जोतं उंच आहे.

मग आईचा पलंगच माजघरात आणला. पाऊस सरल्यावर लाद्या बोटाने वाजवून पाहिल्या, पोकळ वाजणाऱ्या दोन पक्क्या केल्या. लांब पट्टी आडवी-उभी ठेवून उंचसखलपणा पाहिला. पट्ट्यांचे खोके दोन दिवस खोलीतच पडू दिले, म्हणजे लाकूड तिथल्या हवेला सरावतं. आधी प्लास्टिक, त्यावर फोम, मग पट्ट्या. भिंतीलगत चहूकडे बोटभर फट सोडली, कारण दमट हवेत जमीन पसरते. फट नसेल तर मधेच फुगवटा येतो. सुताराने दाराची खालची कड जराशी तासली. झालं.

आईच्या जुन्या खोलीतल्या लाद्या उघड्याच राहिल्या. माजघरातल्या झाकल्या, आणि त्यांच्याही खाली पणजीची चोपलेली माती आहेच.

आई पहिल्या दिवशी अनवाणी दोनदा चालून पाहून म्हणाली, "गार नाही लागत रे. पण पाऊल वाजतं."

पणजीची तक्रार आठवली. प्रत्येक नव्या जमिनीला थोडी कुरकुर ऐकून घ्यावीच लागते, नाही का?