कोंड्याची कुळकथा

आमच्या आळेफाट्याला पुणे-नाशिकचा रस्ता कल्याण-अहिल्यानगरच्या रस्त्याला छेदतो. दिवाळी तोंडावर आली की येथल्या बाजारातून उटणे, वासाचे तेल नि शिकेकाई घरोघर जाते. नरकचतुर्दशीच्या पहाटे डोकी चोळली जातात, आणि कोणाच्या तरी खांद्यावरचा कोंडा पाहून आजी म्हणते, "डोके कोरडे पडलेय, तेल जिरव." आजीचे हे निदान कितपत खरे?

दळणाच्या कोंड्यावरून आपण हे नाव दिले. ग्रीकांनाही तेच सुचले होते! त्यांच्या भाषेत 'पितिरॉन' म्हणजे कोंडा. त्यावरूनच युरोपी वैद्यांनी विकाराला 'पिटिरियासिस' म्हटले. सुश्रुतसंहितेत हा 'दारुणक' नावाने येतो. कफवाताने केशभूमी रुक्ष होते, खाजते, फुटते.

१८७४ साली फ्रान्समध्ये मालासेझ नावाच्या संशोधकाने या पापुद्र्यांत एक सूक्ष्म बुरशी पाहिली. आज ती 'मालासेझिया' म्हणून त्याच्याच नावाने ओळखली जाते. ती तुमच्याआमच्या सर्वांच्या डोक्यावर नांदते आणि कातडीवरच्या स्निग्धांशावर जगते. त्यातून सुटणारी आम्ले काहींच्या कातडीला झोंबतात. मग कातडी घाईने नवी होते नि जुनी पापुद्र्यांनी गळते. म्हणजे रोज थापलेले तेल ही त्या बुरशीला पंगतच!

पण अभ्यंगाला दोष देऊ नये. त्यात तेलामागून शिकेकाई येतेच. तिच्यातल्या व रिठ्यातल्या फेसाळ द्रव्याने तेल निघून जाते. आपण तेल रोजचे केले आणि धुणे रविवारवर ढकलले, तिथे गणित बिघडले.

'शांपू' हा शब्दही इकडचाच, 'चांपणे' म्हणजे दाबणे यावरून गेलेला. १७५९ साली पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडात ब्रायटनला वाफेची स्नानगृहे चालविली. त्यांचे शांपू म्हणजे अंग रगडणे, फेस नव्हे. झिंक पायरिथिऑनचा कोंड्यावरचा शांपू अमेरिकेत बाजारात आला तो १९६१ साली.

शिक्षक म्हणून एक सांगावेसे वाटते. मुलीच्या खांद्यावर पांढरे कण दिसले की शेजारीण बाकावर सरकून बसते आणि घरी आई कात्री शोधते. कोंडा उवांसारखा एकीकडून दुसरीकडे जात नाही, आणि वेणी कापून तो जातही नाही. औषधी शांपू चार-पाच मिनिटे डोक्यावर ठेवून मग धुवावा, असे काही आठवडे करावे. पापुद्रे चिकट-पिवळे असतील, भुवया वा कानामागची कातडी लाल झाली असेल, तर मात्र त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.